वाचकांचे प्रश्न : घरच्या संगणकाला अँटिव्हायरस कोणता घ्यावा?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक विषय इतक्या वेळा आला की या वेळी संपूर्ण सदर त्यालाच द्यायचे ठरवले. पत्रे लांब होती. मुद्दा राखून ती आटोपशीर केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत. विंडोज असलेला घरगुती संगणक गृहीत धरूनच उत्तरे लिहिली आहेत, कारण सगळी पत्रे त्याविषयीचीच आहेत.

प्रश्न : मुलाने मला विंडोज ११ असलेला नवा लॅपटॉप घेऊन दिला. पहिला महिनाभर त्यातला अँटिव्हायरस गुपचूप काम करत होता. आता मात्र रोज सकाळी 'आपला संगणक धोक्यात आहे' अशी लाल अक्षरांतली पाटी येते आणि पैसे भरायला सांगते. नवी पेठेतल्या दुकानदारांनी सांगितले की विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस नावापुरता असतो, तीन वर्षांचा बॉक्स घेऊन टाका. जावई म्हणतात की फुकटचा चालेल. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो की काहीच नको. मी लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करते, पेन्शनचे कागद ठेवते आणि नातवंडांशी बोलते. मी कोणाचे ऐकावे? (निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर)

उत्तर : मुलाचे ऐकावे, मात्र त्याने निम्मेच सांगितले आहे. आपल्याला वेगळे काही विकत घ्यायची गरज नाही, पण जे आहे ते जागे आहे की नाही हे पाहण्याची गरज आहे.

आधी त्या लाल पाटीविषयी. लॅपटॉप बनवणारी कंपनी एखाद्या अँटिव्हायरस कंपनीशी करार करून तिचे सॉफ्टवेअर ठरावीक मुदतीसाठी आतच घालून देते. आपली पाटी संगणक तपासून लिहिलेली नाही. मुदत संपल्याची तारीख पाहून लिहिलेली आहे. त्यामुळे घाबरू नये, पण दुर्लक्षही करू नये, कारण मुदत संपलेले सॉफ्टवेअर तसेच पडून राहिले की पहारा नेमका कोणाचा याचा घोळ होतो. सेटिंग्जमध्ये 'अॅप्स'मधल्या 'इन्स्टॉल्ड अॅप्स'च्या यादीत जाऊन ते 'अनइन्स्टॉल' करावे आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करावा. काही कंपन्यांची सॉफ्टवेअर एवढ्यावर पूर्ण निघत नाहीत. अशा कंपन्या आपल्या संकेतस्थळावर काढून टाकण्याचे वेगळे साधन मोफत ठेवतात, ते वापरावे. त्यानंतर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळाशेजारी जो वर रोखलेला बाण असतो त्यावर टिचकी मारावी. तिथे एक छोटी ढाल दिसेल. ढालीवर हिरवी बरोबरची खूण असेल तर डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, कामावर रुजू झाला असे समजावे. खूण पिवळी किंवा लाल असेल तर ढालीवर टिचकी मारून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' हे पान उघडावे; तिथे जे बंद असेल ते सुरू करावे. त्याच पानाच्या सेटिंग्जमध्ये 'टॅम्पर प्रोटेक्शन' नावाची कळ असते, तीही सुरू असावी. एखाद्या घातक प्रोग्रामने डिफेंडरलाच परस्पर झोपवू नये यासाठी ती आहे.

दुकानदारांचे म्हणणे एके काळी अगदी बरोबर होते. विंडोज ७ मधला डिफेंडर फक्त हेरगिरी करणारी सॉफ्टवेअर शोधत असे आणि व्हायरससाठी वेगळे काही टाकावेच लागे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून मात्र पूर्ण अँटिव्हायरस विंडोजमध्येच आला आणि पुढच्या दशकात तो बराच सुधारला. थोडक्यात, दुकानदारांची माहिती जुनी आहे. बॉक्सवरचे कमिशन तेवढे आजचे आहे.

कोणाच्या सांगण्यावर विसंबायचे नसेल तर दोन संस्थांचे निकाल पाहावेत : जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज. एव्ही-टेस्ट प्रत्येक अँटिव्हायरसला संरक्षण, संगणकाच्या वेगावरचा परिणाम आणि वापरण्यातली सुलभता यांसाठी प्रत्येकी ६ असे एकूण १८ पैकी गुण देते. सुलभतेच्या गुणांत एक महत्त्वाची गोष्ट मोजली जाते, ती म्हणजे निर्दोष फाइलला व्हायरस ठरवण्याची चूक किती वेळा झाली. आपण शिक्षिका होतात, म्हणून सांगतो : एका घटक चाचणीवरून विद्यार्थ्याची परीक्षा करू नये, तसे एका महिन्याच्या निकालावरून अँटिव्हायरस निवडू नये. दीड-दोन वर्षांचे निकाल एकत्र पाहिले की वरच्या आठ-दहा नावांत संरक्षणाचा फरक फार थोडा उरतो आणि डिफेंडर त्या नावांत असतो, हे लक्षात येते.

डिफेंडरच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. इंटरनेट बंद असताना त्याची ओळखण्याची ताकद घटते, कारण शंका आली की तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो. मोठमोठ्या फाइली एका जागेवरून दुसरीकडे हलवताना तो काही स्पर्धकांपेक्षा जास्त वेळ लावतो. आपल्या वापरात या दोन्ही गोष्टींनी फारसे अडणार नाही.

मग विकतच्या बॉक्समध्ये जास्तीचे काय मिळते? मुलांच्या वापरावर नियंत्रण, पासवर्ड सांभाळणारी तिजोरी, इंटरनेटवरची आपली ये-जा झाकणारे व्हीपीएन आणि अडचण आली तर फोनवर बोलायला माणूस. यातली शेवटची गोष्ट मी कमी लेखणार नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून कैलास आणि संजय काटकर या भावांनी उभी केलेली क्विक हील आपल्याकडे एवढी पसरली, त्यात विक्रेत्यांच्या जाळ्याचा आणि स्थानिक मदतीचा मोठा वाटा आहे. मुले परगावी आहेत आणि पडद्यावर इंग्रजी सूचना आली की छातीत धस्स होते, अशा घरी फोन उचलणाऱ्या माणसासाठी वर्षाला काही रुपये दिले तर ते वाया गेले असे मी म्हणणार नाही. मात्र मराठी माणसाची कंपनी याचा अभिमान वेगळा आणि निवडीचा निकष वेगळा; वर सांगितलेल्या निकालांच्या चाळणीतून तिलाही इतरांसारखेच जाऊ द्यावे.

जावयांच्या फुकटच्या अँटिव्हायरसबद्दल एवढेच सांगतो की त्याचा खर्च कुठून निघतो हे आधी विचारावे. अवास्ट या प्रसिद्ध मोफत अँटिव्हायरसने वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती आपल्या जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकल्याचे प्रकरण गाजले. जम्पशॉट २०२० साली बंद झाली आणि २०२४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. सगळेच मोफत अँटिव्हायरस असे करतात असा याचा अर्थ नाही. पण विंडोजसोबत मिळालेला पहारेकरी चांगला असताना दुसरा फुकटचा आणून बसवण्याने आपल्या हाती काय लागते, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

आपण बँकेचे व्यवहार करता म्हणून एक जास्तीचे काम सुचवतो, आणि कोणत्याही बॉक्सपेक्षा त्याचा उपयोग अधिक आहे. लॅपटॉपवर आपले रोजचे खाते 'अॅडमिनिस्ट्रेटर' असेल तर मुलगा सोलापूरला येईल तेव्हा त्याच्याकडून वेगळे अॅडमिनिस्ट्रेटर खाते काढून घ्यावे, त्याला पासवर्ड घालावा आणि आपले खाते 'स्टँडर्ड' करून टाकावे. मग काहीही नवे इन्स्टॉल व्हायला निघाले की संगणक तो दुसरा पासवर्ड मागेल, आणि त्या क्षणी थांबून 'हे मी मागितले होते का?' असा विचार करायला सवड मिळेल. बॉक्सचे वाचलेले पैसे बाहेरून जोडण्याच्या हार्ड डिस्कमध्ये घालावेत. ते का, हे पुढच्या एका पत्रात येईल.

प्रश्न : मी चादर आणि टॉवेलच्या जकार्डची, म्हणजे मागावर विणीतच उमटणाऱ्या नक्षीची, डिझाइन करतो. माझे सॉफ्टवेअर जुने असून विंडोज ७ वरच चालते आणि त्याला डोंगल, म्हणजे परवान्याची खूण असलेली छोटी यूएसबी किल्ली, लावावे लागते. डिझाइन पेन ड्राइव्हवर घेऊन मी तीन-चार कारखान्यांत जातो. परत आलो की पेन ड्राइव्हमधले फोल्डर गायब होऊन त्या जागी बाण असलेली चिन्हे दिसतात. अँटिव्हायरस टाकला तर मोराची डिझाइन उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. शिवाय एकदा त्याने डिझाइनच्या सॉफ्टवेअरचीच फाइल व्हायरस म्हणून उचलली आणि गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर दोन दिवस काम अडले. २ जीबी रॅमच्या संगणकाला हलका अँटिव्हायरस कोणता? (जकार्ड डिझायनर, अशोक चौक परिसर)

उत्तर : आपला प्रश्न हलक्या अँटिव्हायरसचा वाटतो, पण खरा घोळ पेन ड्राइव्हच्या येण्याजाण्यात आहे. तिथूनच सुरुवात करू.

आपले फोल्डर कुठेही गेलेले नसतात. पेन ड्राइव्हवरून पसरणारा एक प्रकारचा व्हायरस असतो, त्याला किडा म्हणू. हा किडा मूळ फोल्डरवर 'लपलेला' आणि 'सिस्टिमचा' असे दोन शिक्के मारतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे ठेवतो. चिन्हाच्या डाव्या कोपऱ्यातला तो बारीक बाण ही शॉर्टकटची खूण आहे. आपण त्यावर दोनदा टिचकी मारली की आधी किडा चालू होतो आणि मग आपला खरा फोल्डरही उघडतो, त्यामुळे काही बिघडले असे वाटतच नाही. या लबाडीची मला घरबसल्या ओळख आहे. काही वर्षांपूर्वी एका छापखान्यातून दिवाळी अंकाची मुद्रिते मी पेन ड्राइव्हवर आणली, बाण दिसत असूनही सवयीने टिचकी मारली आणि घरातल्या दुसऱ्या संगणकापर्यंत ती लागण स्वतःच्या हाताने पोचवली.

बाण दिसले की टिचकी मारू नये. फोल्डरच्या पर्यायांत जाऊन लपवलेल्या फाइली दाखवण्याची निवड करावी आणि सिस्टिमच्या फाइली लपवण्याची खूण काढावी. मग फिकट रंगात खरे फोल्डर दिसतील. त्यांतून फक्त डिझाइनच्या फाइली बाहेर काढून घ्याव्यात आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावा. फाइलच्या नावापुढचे शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, कायम दिसेल अशी सोय करून ठेवावी. डिझाइनच्या नावापुढे 'ईएक्सई', 'व्हीबीएस' किंवा 'एलएनके' दिसले तर ती डिझाइन नव्हे हे कळते.

आपण स्वतःचा संगणक कितीही स्वच्छ केला तरी किडा राहतो तो एखाद्या कारखान्यातल्या संगणकात, आणि तिथे आपली फेरी आठवड्याला असते. म्हणून बाहेर नेण्याचा पेन ड्राइव्ह असा घ्यावा ज्याच्या बाजूला लिखाण बंद करण्याची बारीक कळ असते. तो न मिळाल्यास कॅमेऱ्यात वापरतात ते मोठे एसडी कार्ड आणि रीडर घ्यावा. त्या कार्डालाही अशी कळ असते. जकार्डाच्या कंट्रोलरला डिझाइन फक्त वाचायची असते. त्या कळीने लिखाण बंद ठेवले तर किड्याला आत शिरायला जागाच उरत नाही. कारखान्याकडून काही आणायचे असेल तर त्यासाठी दुसरा पेन ड्राइव्ह ठेवावा आणि तो आधी विंडोज ११ असलेल्या एखाद्या संगणकावर, नावावर उजवी टिचकी मारून, स्कॅन करून घ्यावा. पेन ड्राइव्हच्या वापरावर बंधन घालणारे 'यूएसबी प्रतिरोध' हे सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने केलेले सॉफ्टवेअर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत आहे, तेही पाहून ठेवावे.

आता विंडोज ७. त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी संपले. अँटिव्हायरस हा अपडेटला पर्याय होत नाही, याचे उदाहरण सगळ्या जगाने पाहिले आहे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो विंडोजमधल्या एका भोकातून, आणि ते भोक बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घातला नव्हता त्यांच्याकडे कोणी टिचकीही न मारता तो नेटवर्कवरून आत शिरला. म्हणून आपला डिझाइनचा संगणक इंटरनेटपासून आणि कारखान्याच्या नेटवर्कपासून पूर्ण तोडावा. वायर काढून ठेवावी. मेल, व्हॉट्सअॅप, बिले यांसाठी दुसरे यंत्र वापरावे. हे केले तर त्या संगणकावर अँटिव्हायरस नसला तरी मला चालेल. हे न करता कितीही हलका अँटिव्हायरस टाकला तरी मला झोप लागणार नाही.

डिझाइनचे सॉफ्टवेअर व्हायरस का ठरले? डोंगलची सॉफ्टवेअर चोरी होऊ नये म्हणून स्वतःला आतून गुंडाळून घेतात, आणि स्वतःला लपवणे ही व्हायरसचीही सवय असल्याने अँटिव्हायरसला संशय येतो. अशी फाइल 'व्हायरसटोटल' या संकेतस्थळावर टाकली तर साठ-सत्तर अँटिव्हायरसांचे मत एकाच वेळी कळते. एखाद-दुसऱ्याचाच आक्षेप असेल तर बहुधा गैरसमज. निम्म्यांचा असेल तर दुखणे खरे. तिथे टाकलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना पाहता येते, त्यामुळे गिऱ्हाइकाची डिझाइन किंवा घरचे कागद तिथे कधीही टाकू नयेत. खात्री पटली तर अँटिव्हायरसच्या 'एक्सक्लूजन'मध्ये नेमकी ती फाइल घालावी. काही तंत्रज्ञ कटकट नको म्हणून अख्खी सी ड्राइव्ह वगळून जातात. मग अँटिव्हायरस असून नसल्यासारखा.

आणि वेगाचे म्हणाल तर हार्ड डिस्क काढून तिच्याऐवजी एसएसडी ही अधिक वेगवान डिस्क बसवून पाहावी. चहा निम्म्यावर असतानाच मोर उघडेल.

प्रश्न : एका अँटिव्हायरसने नाही पकडले तर दुसरा पकडेल, म्हणून मी दोन टाकले आहेत. हे बरोबर आहे का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. प्रत्येक फाइल उघडताना दोघेही ती आधी आपल्या हाती घ्यायला धावतात, एकाने बाजूला ठेवलेला नमुना दुसऱ्याला व्हायरस वाटतो आणि संगणक रडत चालतो. विंडोजचा डिफेंडर शहाणा आहे; दुसरा पूर्ण अँटिव्हायरस आला की तो आपण होऊन बाजूला होतो. दुसरे मत हवेच असेल तर कायम पहारा न देणारा, मागितल्यावर एकदा तपासून थांबणारा स्कॅनर वापरावा. आपला अँटिव्हायरस जागा आहे का हे पाहण्यासाठी 'आयकार' नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल मिळते. ती उतरवताच अँटिव्हायरस ओरडला पाहिजे.

प्रश्न : माझा डेस्कटॉप २०१६ सालचा आहे. त्यावर विंडोज १० उत्तम चालते, पण विंडोज ११ टाकता येत नाही असे तंत्रज्ञ म्हणतात. चांगला विकतचा अँटिव्हायरस घेतला तर विंडोज १० पुढे चालू ठेवता येईल का? (एक व्यापारी, अक्कलकोट)

उत्तर : तंत्रज्ञाचे बरोबर आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो; इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. २०१६ सालचा त्यात बसत नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. घरगुती वापरणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची योजना ठेवली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. डिफेंडरला नवे व्हायरस ओळखण्याची माहिती मात्र विंडोज १० वरही ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळेल असे कंपनीने जाहीर केले आहे. या शेवटच्या दोन तारखांतला फरक नीट समजून घ्यावा. दुसरी तारीख पहारेकऱ्याच्या हातातल्या चोरांच्या यादीची आहे. पहिली तारीख भिंतीच्या डागडुजीची आहे. डागडुजी थांबल्यावर विकतचा पहारेकरी आणून भिंत धरून ठेवता येत नाही. बँक आणि जीएसटीचे काम त्या संगणकावर होत असेल तर अँटिव्हायरसचे पैसे नव्या यंत्राच्या खात्यात जमा करावेत आणि तोवर वाढीव अपडेट घ्यावेत. फक्त पत्रे टाइप करायला आणि भजने ऐकायला संगणक लागत असेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून तो आणखी काही वर्षे सुखाने वापरता येईल.

प्रश्न : आमच्या घरच्या संगणकातल्या सगळ्या फाइलींच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरे लागली आहेत आणि एकही उघडत नाही. मुलीच्या लग्नाचे फोटो त्यात आहेत. प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजी चिठ्ठी आहे : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क साधल्यास निम्मे. विकतचा अँटिव्हायरस होता आणि त्याची दोन वर्षे शिल्लक आहेत. मुलाने व्हिडिओ एडिटिंगचे महागडे सॉफ्टवेअर फुकट मिळते म्हणून उतरवले आणि तिथल्या सूचनेप्रमाणे 'पाचच मिनिटे' अँटिव्हायरस बंद केला, असे आता सांगतो. अँटिव्हायरस कंपनीकडे भरपाई मागता येईल का? फोटो परत मिळतील का? (एक पालक, होटगी रोड)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर कटू आहे. पहारेकऱ्याला घरच्या माणसानेच सुट्टी दिली होती, तेव्हा भरपाईचा मुद्दा टिकणार नाही. मुलाला फार बोलू नये. क्रॅक केलेल्या, म्हणजे परवान्याचे कुलूप फोडून फुकट वाटलेल्या, सॉफ्टवेअरसोबत 'आधी अँटिव्हायरस बंद करा' ही सूचना इतकी सर्रास येते की पोरांना ती कृतीचाच भाग वाटते.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र थोडी आशा आहे. चिठ्ठीतली रक्कम, निम्म्याची सवलत आणि चार अक्षरे हे सगळे 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खंडणीखोर व्हायरसच्या घराण्याशी जुळते. हे घराणे मुख्यतः क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधूनच पसरत आले आहे. फाइली कुलूपबंद करताना ते आपल्या सर्व्हरकडून प्रत्येक संगणकासाठी वेगळी किल्ली मागवते. सर्व्हरशी संपर्क झाला नाही तर स्वतःजवळची एकच सामाईक किल्ली वापरते. चिठ्ठीच्या तळाशी 'पर्सनल आयडी' म्हणून अक्षरांची लांब माळ असेल. तिच्या शेवटी 'टी१' असेल तर बहुधा सामाईक किल्ली वापरली गेली आहे, आणि अशा किल्ल्या कालांतराने तज्ज्ञांच्या हाती लागू शकतात. युरोपोल ही युरोपीय संघाची पोलीस संस्था, नेदरलँड्सचे पोलीस आणि सुरक्षा कंपन्या यांनी २०१६ साली सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर चिठ्ठी आणि एक-दोन फाइली देऊन कुलूप कोणते आणि मोफत किल्ली उपलब्ध आहे का, हे पाहता येते. किल्ली आज नसेल तरी फाइली पुसू नयेत. ती हार्ड डिस्क काढून, तारीख घालून, कपाटात ठेवून द्यावी. हा व्हायरस घाईत असतो आणि प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण दीडशे किलोबाइटचाच भाग बिघडवतो. त्यामुळे लग्नाचे मोठे व्हिडिओ दुरुस्त होण्याची शक्यता फोटोंपेक्षा जास्त आहे. ज्यांनी लग्नाचे फोटो काढले त्यांच्याकडे मूळ प्रती असतील का, हेही आजच विचारून घ्यावे. या बाबतीत छायाचित्रकार अनेकदा तंत्रज्ञांपेक्षा उपयोगी पडतात.

खंडणी देऊ नये. पैसे पोचल्यावर किल्ली येईलच याची हमी कोणी घेत नाही. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, आणि चिठ्ठीचा फोटो त्याला जोडावा.

त्याआधी तातडीचे काम वेगळेच आहे. हे घराणे अनेकदा एकटे येत नाही. सोबत पासवर्ड चोरणारा साथीदार आणते. ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले मेल, बँक, समाजमाध्यमे यांचे सगळे पासवर्ड दुसऱ्या निरोगी यंत्रावरून बदलावेत आणि पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी पडताळणी सुरू करावी. बाधित संगणकावर विंडोज नव्याने टाकावी, मात्र कपाटात ठेवायच्या त्या डिस्कवर नव्हे, दुसऱ्या डिस्कवर.

नव्या विंडोजमध्ये डिफेंडरच्या 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'खाली 'कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस' ही सोय असते. ती आपोआप सुरू नसते, हाताने करावी लागते. मग अनोळखी प्रोग्रामला कागदपत्रांच्या आणि फोटोंच्या फोल्डरांत ढवळाढवळ करता येत नाही. सुरुवातीला ती काही सरळमार्गी प्रोग्रामांनाही अडवते, त्यांना एकेक करून परवानगी द्यावी लागते. याहून भरवशाची गोष्ट म्हणजे बाहेरून जोडण्याची हार्ड डिस्क. जुळे सोलापूरच्या बाईंना वर तीच सुचवली होती. रविवारी सकाळी ती जोडावी, फोटो आणि कागद उतरवून घ्यावेत आणि काढून कपाटात ठेवावी. संगणकाला कायम जोडून ठेवलेली डिस्क संगणकाबरोबरच कुलूपबंद होते, हे होटगी रोडच्या या घरी सांगायची गरज नाही, इतरांसाठी लिहितो.

प्रश्न : 'आपल्या अँटिव्हायरसचे नूतनीकरण झाले, ३९९ डॉलर वजा होतील, रद्द करायचे असल्यास या क्रमांकावर फोन करा' असा मेल आला. मी घाबरून फोन केला. पलीकडच्या माणसाने पैसे परत देण्यासाठी एक अॅप टाकायला सांगितले आणि माझा पडदा त्याला दिसू लागला. थोरल्या जाऊबाई ओरडल्या म्हणून मी लॅपटॉप मिटून टाकला. पुढे काय करू? (एक गृहिणी, पंढरपूर)

उत्तर : जाऊबाईंचे आभार मानावेत. तो मेल कोणत्याही अँटिव्हायरस कंपनीचा नव्हता. व्हायरस नसताना व्हायरसच्या भीतीवर चालणारा हा धंदा आहे, आणि यात संगणकाचा पहारेकरी काहीच करू शकत नाही, कारण ते पडदा दाखवणारे अॅप अधिकृत असते आणि परवानगी आपणच दिलेली असते.

लॅपटॉप मिटल्याने तो बंद होतोच असे नाही. वायफाय आधी बंद करावे, मग लॅपटॉप उघडून ते अॅप अनइन्स्टॉल करावे आणि डिफेंडरचा 'फुल स्कॅन' लावावा. बँकेचा पासवर्ड मोबाइलवरून किंवा दुसऱ्या यंत्रावरून बदलावा. त्या वेळी बँकेचे पान उघडे असेल किंवा एखादा ओटीपी सांगितला असेल तर बँकेला ताबडतोब कळवावे. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण तिथे तक्रार जितकी लवकर पोचेल तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

आपण खरोखरच कधी अँटिव्हायरस कार्डावरून विकत घेतला असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन 'ऑटो रिन्यूअल' बंद करावे. पहिल्या वर्षी मोठी सवलत आणि दुसऱ्या वर्षी गुपचूप पूर्ण किंमत, ही या बाजाराची जुनी रीत आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरच्या अशा आपोआप वजावटीची सूचना बँकेने किमान २४ तास आधी द्यावी लागते आणि १५,००० रुपयांवरच्या रकमेला दर वेळी वेगळी पडताळणी लागते. ती सूचना बँकेकडून येते आणि अॅप टाकायला ती सांगत नाही.